दिलीप, राजीनामा देण्याआधी हे वाच

ह्यूस्टन,
१२ नोव्हेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं जमेना, म्हणून हे पत्र. संस्थेच्या नव्या कमिटीला खो-खोसाठी ‘स्वतः राष्ट्रीय पातळीवर खेळलेला’ कोच हवा आहे, हे एक झालं. पण तूही मनातून त्यांचं म्हणणं मान्य करून मोकळा झालायस, ते मला जास्त लागलं. ‘मी राज्याच्या संघातसुद्धा कधी नव्हतो, मी मुलींना काय शिकवणार’ असं तू लिहिलंयस. मला हे अजिबात पटलेलं नाही. का, ते एका माणसाच्या कामावरून सांगतो. खेळ गोल्फचा आहे, म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस.

इथल्या ह्यूस्टन विद्यापीठात डेव्ह विल्यम्स नावाचे प्राध्यापक होते. विषय केमिकल इंजिनिअरिंग, म्हणजे माझ्याच शाखेचे, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपलेपणा आहे. १९५२ मध्ये गोल्फचा संघ त्यांच्याकडे आला. खेळाडू म्हणून त्यांचं कुठे नाव नव्हतं. विद्यापीठही तसं नवंच, १९२७ सालचं. १९५६ मध्ये या संघाने अमेरिकेतल्या कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि १९६० पर्यंत सलग पाच वर्षं ते दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिलं नाही. १९८५ उजाडेपर्यंत विजेतेपदं सोळा झाली होती. तीस हंगामांत सोळा! १९८७ मध्ये ते निवृत्त झाले. पुरुषांच्या कॉलेज गोल्फमध्ये एका कोचच्या नावावर इतकी विजेतेपदं आजही दुसऱ्या कुणाची नाहीत. इथे त्यांना कॉलेज गोल्फचे जनकच म्हणतात.

आता तू म्हणशील, स्वतः न खेळता हे जमलं कसं? त्यासाठी गोल्फच्या कोचचं काम नीट बघायला हवं. एका कॉलेजचे पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीत त्यातल्या चांगल्या, म्हणजे कमी फटके लागलेल्या, चौघांचे आकडे धरतात. कॉलेजात येणारा मुलगा लहानपणापासून कुणा दुसऱ्याच्या हाताखाली शिकून आलेला असतो. त्याचा स्विंग, म्हणजे काठी फिरवून फटका मारायची पद्धत, बसलेला असतो. त्यात कोचने उगाच हात घातला तर आहे तेही बिघडायचं. त्यामुळे कोचचं खरं काम वेगळीकडेच असतं. कुठल्या गावातल्या कुठल्या पोराला आणायचं, त्याच्या आईवडिलांशी काय बोलायचं, कुणाला खेळवायचं, कुणाला घरी ठेवायचं, अभ्यासात मागे पडून कुणी संघाबाहेर जाणार नाही हे कसं बघायचं, आणि या सगळ्यासाठी पैसे कुठून आणायचे. अगदी कालपरवापर्यंत वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला मुलांच्या गोल्फसाठी साडेचारच पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्या आठ-दहा जणांत वाटायच्या, म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, आणि तरी प्रत्येकाला वाटलं पाहिजे की इथे आपली किंमत आहे. टीए-डीएच्या बिलांवरून तू ऑफिसात जे खेटे घालतोस, त्याच जातीचं हे काम.

विल्यम्स यांनी एक गोष्ट पक्की केली होती. संघात जागा कुणाचीही कायमची नाही. प्रत्येक स्पर्धेआधी आपसात खेळायचं आणि जे वर येतील त्यांनीच जायचं. चांगली चांगली मुलं त्यांनी इतकी गोळा केली होती की बाहेरची स्पर्धा जिंकण्यापेक्षा आपल्याच संघात येणं अवघड असायचं. मग बाहेर गेल्यावर दडपण कसलं? होमेरो ब्लँकास याच संघातला. मैदानावरच्या गवताची देखभाल करणाऱ्या कामगाराचा मुलगा, मेक्सिकन घरातला. १९६२ मध्ये टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूच्या एका स्पर्धेत त्याने अठरा होल, म्हणजे पूर्ण फेरी, ५५ फटक्यांत संपवले. मैदान छोटं होतं, तरी ५५! मला त्याहून आवडतं ते हे, की तो ज्याच्याशी झुंजत होता तो फ्रेड मार्टी ह्यूस्टनचाच, आणि त्या दिवशी मार्टीने ६१ मारूनही स्पर्धा गमावली. अशी माणसं रोज समोरासमोर उभी करणं हीच विल्यम्स यांची शिकवणी होती.

दिलीप, झोनलच्या आधी तू काय करतोस? सीनियर मुलींना नवीन पोरींविरुद्ध पाठलाग करायला लावतोस आणि बाराजणींची यादी शेवटच्या संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डावर लावत नाहीस. मागच्या सुट्टीत मी सकाळी तुझ्या मैदानावर आलो होतो. तू फक्कीने रेघा मारत होतास आणि ती अकरावीतली बारकी मुलगी तुझ्या कॅप्टनला खांबाजवळ तीनदा चकवून गेली. कॅप्टनचं तोंड उतरलं, तू एक अक्षर बोलला नाहीस, फक्त वहीत काहीतरी लिहिलंस. मला त्या वहीची किंमत कळते. पोल डाईव्ह, म्हणजे खांबाला धरून मारायची झेप, तुला स्वतःला जमते की नाही, हे त्या मुलींनी कधी विचारलंय का?

मार्चमध्ये इथे जवळच कॉलेजांची एक स्पर्धा झाली. बघायला तिकीट नसतं, गर्दीही नसते. एका कमी अंतराच्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, एक कोच सकाळपासून उभा होता. त्याचे पाचही जण वेगवेगळ्या गटांतून, ठरावीक वेळाने तिथे यायचे. कॉलेजच्या खेळात कोचला मध्ये बोलायची मुभा असते. पहिल्याला त्याने हाताने दाखवलं की झाडांच्या वर वारा उलटा आहे, एक क्लब जास्त घे, म्हणजे चेंडू जरा लांब नेणारी काठी. दुसऱ्याला तेवढंही सांगितलं नाही, त्याच्या बॅगेतली पाण्याची बाटली काढून हातात दिली. तिसरा चिडून आला होता, मागच्या होलवर दोन फटके घालवून. त्याच्याशी कोच घरच्या कुत्र्याबद्दल बोलला. मी जवळच होतो, ऐकू येत होतं. मुलगा हसला, चेंडू ठेवला, मारला. तिघांना तीन तऱ्हा, आणि एकातही स्विंगचा शब्द नाही.

विल्यम्स यांच्या संघातल्या मुलांच्या खोल्या हाही वाचण्यासारखा विषय आहे. १९७७ मध्ये वसतिगृहात फ्रेड कपल्स आणि जिम नान्झ एकाच खोलीच्या गटात राहायला आले. कपल्स मोठा खेळाडू होणार हे दिसत होतं. नान्झ त्या मानाने बेताचा, त्याला टीव्हीवर खेळाचा निवेदक व्हायचं होतं. दोघे खोलीत खोटी खोटी मुलाखत करायचे, की कपल्स मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा जिंकलाय आणि नान्झ त्याला प्रश्न विचारतोय. १९९२ मध्ये कपल्स खरोखर मास्टर्स जिंकला आणि टीव्हीवर मुलाखत घ्यायला नान्झ होता. संघातल्या शेवटच्या मुलालाही जिथे जागा होती, तिथेच हे घडू शकतं. तुझ्या संघातली स्कोअर लिहिणारी वैशाली आज पोलिसात आहे, हे मला तूच सांगितलं होतंस, आणि सांगताना तुझा आवाज बदलला होता.

आता उलट बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील एकच माणूस धरून बसला. ओक्लाहोमा स्टेटचे माईक होल्डर स्वतः त्याच विद्यापीठाकडून खेळलेले. १९७३ मध्ये, पंचविशीच्या आसपास, कोच झाले आणि २००५ पर्यंत राहिले. आठ राष्ट्रीय विजेतेपदं. शिस्त कडक. गाव लहान, वारा बोचरा, ह्यूस्टनसारखी हवा नाही. या माणसाने देणग्या मिळवून विद्यापीठाचं स्वतःचं मैदान उभं केलं, कार्स्टन क्रीक. ते १९९४ मध्ये खुलं झालं. लगेच १९९५ मध्ये त्यांच्या संघाने टायगर वूड्सच्या स्टॅनफर्डला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, हरवलं. त्या संघातला अॅलन ब्रॅटन पुढे तिथेच कोच झाला, आणि २०१८ मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते कार्स्टन क्रीकवरच. होल्डर यांना कोचपद सोडून तेव्हा तेरा वर्षं झाली होती. म्हणजे बघ, एक स्वतः खेळलेला, एक रसायनांचा प्राध्यापक, आणि कामाचा मोठा भाग दोघांचाही तोच. त्यात दोघांनी तीस-तीस वर्षं जागा सोडली नाही, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं तीन-चार वर्षांत जातात. खेळायची रीत कोचजवळ राहते, आणि तो गेला की पुढच्याला ती पहिल्यापासून लावावी लागते.

एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा कोर्स, झालेला माणूस आला तर वाईट काहीच नाही. त्याला तंत्रासाठी घ्या, मी तर म्हणतो तूच कमिटीकडे तशी मागणी कर. पण संघ तुझ्याकडे राहू दे. राजीनामा देऊन मेहुण्याच्या एजन्सीत तू जो हिशेब करणार, तो उद्याही कुणी करेल. तालुक्यातल्या सहा गावांतल्या आयांना ‘रात्रीच्या एसटीने मी स्वतः आणून सोडतो’ असं सांगून मुलींना मैदानावर आणणारा माणूस कमिटी जाहिरात देऊन कुठून आणणार?

एक काम कर. तुझ्या सगळ्या जुन्या वह्या काढ आणि आजवर संघात आलेल्या मुलींची नावं, गाव, आत्ता काय करतात, एवढं लिहून मला फोटो पाठव. मी ते नीट टाईप करून देतो, मीटिंगमध्ये कमिटीसमोर ठेवायला. मीटिंग कधी आहे ते कळव, आणि माझा फोन येईपर्यंत राजीनाम्याच्या कागदावर सही करू नकोस.

काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार सांग. चिन्मयला म्हणावं, त्याचे बूट पाठवलेत, नंबर एकने मोठा घेतलाय.

तुझा,
अविनाश