गावच्या विहिरीतले नायट्रेट

संपादक महोदय,

इंदूरभोवतीच्या गावांतल्या प्रदूषणाचा विषय निघाला की सगळ्यांची बोटे कान्ह नदीकडे वळतात. शहराचे सांडपाणी सांवेरमार्गे क्षिप्रेपर्यंत जाते, तेव्हा तो राग रास्तच आहे. पण कान्हपासून दूरच्या गावातही विहीर बिघडते. तिथे पाण्याचा रंग बदलत नाही, वासही येत नाही. कारण ते बिघडवणारे नायट्रेट, म्हणजे खतातल्या आणि मैल्यातल्या नत्रापासून (नायट्रोजनपासून) बनणारे, पाण्यात विरघळणारे द्रव्य, गावातच तयार होते.

ओलिताच्या गव्हाला हेक्टरी साधारण 120 किलो नत्र पुरते. त्यातले 23 किलो 130 किलो डीएपी खतातून मिळते. उरलेल्यासाठी 45 किलोच्या युरियाच्या पावणेपाच गोण्या खूप झाल्या. चार बिघ्यांचा हेक्टर धरला तर बिघ्याला एक गोणी आणि वर थोडा. बिघ्याला दोन गोण्या टाकल्या, तर जास्तीच्या युरियाचे जमिनीत नायट्रेट होऊन पडून राहते. चिकणमाती त्याला धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात आपली काळी जमीन खोल भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी हे सारे घेऊन भेगांतून थेट मुरुमात, तिथून फुटक्या काळ्या खडकात उतरते. वाटेत गाळणी कुठेच नाही. पुढच्या सोयाबीनलाही वरून युरिया मारतात, ते तर अगदीच अनाठायी; त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतः घेतात.

दुसरा स्रोत शौचालयाचा खड्डा. लवकर भरू नये म्हणून तो पंधरा-पंधरा फूट खोल खणतात, आणि पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर चढले की खड्ड्याचा तळ त्यातच बुडतो. त्यापेक्षा मीटरभर खोलीचे दोन उथळ खड्डे आलटून पालटून वापरावेत. तळ पावसाळी पातळीच्या दोन मीटर वर हवा आणि पाण्याचा स्रोत निदान दहा मीटर लांब. उकिरडाही विहिरीच्या चढाच्या बाजूला नको.

सर्वांत घातक प्रकार मात्र चांगल्या हेतूने होतो. आटलेल्या बोरिंगमध्ये पुनर्भरण म्हणून शेतातले वाहते पाणी सोडतात. वाळू-गिट्टीचा फिल्टर गाळ अडवतो. विरघळलेला युरिया आणि नायट्रेट सरळ खाली जातात. बोरिंगमध्ये छताचेच पाणी सोडावे, शेताचे शेततळ्यात. नव्या बोरिंगच्या केसिंगभोवतीची फट वरचे दहा फूट सिमेंटने भरून घ्यावी, नाहीतर पाइपाच्या कडेने घाण पाणी झिरपत राहते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे धोका मुख्यतः बाटलीच्या दुधावरच्या, सहा महिन्यांखालच्या बाळांना: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळसर पडतात. इथे आयांची फसगत होते ती पाणी उकळण्यात. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटून उलट दाट होते. क्लोरीन आणि तुरटीचाही उपयोग नाही. अशा बाळाच्या दुधासाठी तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचेच पाणी घ्यावे.

जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी दर गावी पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाने त्यांच्याकडून ऑक्टोबरमध्ये प्रत्येक हातपंप, विहीर आणि बोरिंगचे नायट्रेट तपासून घ्यावे आणि आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर, आयांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावेत.

एक वाचक, इंदूर