मित्रास पत्र : थांबलेलं कॅलेंडर आणि बंद पडलेली टेबलं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा टेबल टेनिस संघटनेचं सचिवपद तू घेतलंस, फार बरं केलंस. कुलूप लागलेला हॉल, फुगलेली टेबलं आणि विस्कटलेली मुलं, एवढंच तुझ्या हाती आलंय असं तू लिहिलंस. शिवाय विचारलंस की कोविडनंतर आपलं राष्ट्रीय फेडरेशन कसं सावरलं आणि त्यातलं जिल्ह्याला काय उपयोगी पडेल. सविस्तरच लिहितो.

सावरलं म्हटलं की लोक पदकं मोजायला लागतात. मी आधी कॅलेंडर बघतो. वर्षातल्या स्पर्धा ठरलेल्या तारखांना होतात का, बारा वर्षांच्या पोरीला सहा महिने आधी आपली पुढची मॅच कळते का, यावरून संघटना जिवंत आहे की नाही ते ठरतं. पदक आज मिळतं, पण त्यामागची मेहनत सात-आठ वर्षांपूर्वीची असते.

आता क्रम बघ. 2020च्या सुरुवातीला हैदराबादला राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि शरथ कमलने पुरुष एकेरीचं नववं विजेतेपद घेतलं. मार्चमध्ये सगळं थांबलं. 22 मार्चपासून दक्षिण कोरियातल्या बुसानला जागतिक सांघिक स्पर्धा होती. ती पुढे ढकलत ढकलत शेवटी रद्दच झाली. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने जागतिक क्रमवारी गोठवली. भारतात 28 ऑक्टोबर ते 8 डिसेंबर 2020 असं 42 दिवसांचं शिबिर सोनीपतच्या शाळेत झालं, अकरा खेळाडूंचं. गरजेचंच होतं ते, कारण ऑलिंपिक पात्रता तोंडावर होती. पण शिबिर झालं म्हणजे खेळ सुरू झाला असं नव्हे. अकरा जणांना एका आवारात सांभाळता येतं. अडीचशे पोरांची स्पर्धा घ्यायची तर हॉल लागतो, पंच लागतात, राहण्याची सोय लागते.

फेडरेशनने नेमकं पाऊल टाकलं ते फेब्रुवारी 2021मध्ये. पंचकुलाला राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पुरुषांत साथियन, महिलांत मनिका बत्रा विजेते. महिनाभरात दोहा इथे आशियाई ऑलिंपिक पात्रता होती, आणि तिथून शरथ, साथियन, मनिका, सुतीर्था हे चौघे एकेरीत टोकियोला निघाले. मिश्र दुहेरीत शरथ-मनिकाने कोरियन जोडीला हरवून जागा मिळवली. दोह्याआधी घरच्या मैदानावर हार-जीत असलेल्या मॅच खेळायला मिळाल्या, याचं मोल मला फार वाटतं. अकरा गुणांच्या गेममध्ये सरावात 9-9ला हात थरथरत नाही, स्पर्धेत थरथरतो.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते जन्मसालांचं. आपल्या खेळात वयोगट 1 जानेवारीवर ठरतो. 2005मध्ये जन्मलेल्या मुलाचं पंधरा वर्षांखालच्या गटातलं शेवटचं, म्हणजे सगळ्यात ताकदीचं वर्ष होतं 2020. ते कोरं गेलं. पुढच्या वर्षी तो थेट आपल्याहून मोठ्या मुलांसमोर उभा राहिला, मानांकन (आधीच्या निकालांवरून ठरणारा क्रम) नाही, म्हणून ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या मांडणीत, पहिल्याच फेरीत वरच्या मानांकिताच्या तावडीत. त्यातली कितीतरी मुलं बॅट ठेवून अभ्यासाला लागली. 2002च्या मुलांचं मात्र थोडं साधलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर ज्युनिअर गट 2021पासून 18ऐवजी 19 वर्षांखालचा झाला, त्यामुळे त्यांना शेवटचं वर्ष पुन्हा मिळालं. तुझ्या जिल्ह्यातही आधी हीच यादी कर: जन्मसालाप्रमाणे नावं, शेवटची स्पर्धा कधी खेळला, आज खेळतोय का. ज्या सालापुढे नावं विरळ दिसतील तिथे घरी जाऊन पालकांशी बोलावं लागेल, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून भागणार नाही.

स्पर्धा परत सुरू करताना सगळे अडकले ते साध्या गणितात. तुझा हॉल 30 बाय 18 मीटरचा आहे, तोच धरून सांगतो. सरावाला एका टेबलाला 10 बाय 5 मीटर जागा चालते. त्या हिशेबाने नऊ टेबलं बसतात आणि बाजूला तीन मीटरची वाट उरते. पण मोठ्या स्पर्धेचं कोर्ट 14 बाय 7चं. तसं मांडलं की चारच टेबलं. कोविडमध्ये अंतर राखायचं म्हणून सगळीकडे नऊची चार झाली. आता 64 मुलांचा एक गट घे. चार-चारचे 16 गट केले तर साखळीत (गटात प्रत्येकाची प्रत्येकाशी) 96 मॅच, प्रत्येक गटातून दोघं पुढे म्हणजे बाद फेरीच्या (हरला तो बाहेर) 31, एकूण 127. पाचपैकी तीन गेम जिंकायच्या मॅचला पुसापुशी धरून अर्धा तास. नऊ टेबलांवर साडेसात तासांत उरकतं. चार टेबलांवर सोळा तास. आणि हा झाला एक गट! 11, 13, 15, 17, 19 वर्षांखालील मुलं-मुली, वर पुरुष आणि महिला, असे बारा गट असतात.

मग काहींनी सरळ बाद फेरी लावली: 63 मॅच, चार टेबलांवर आठ तास. पण त्यात निम्मी मुलं तीन गेम खेळून घरी जातात. नाशिकहून कोल्हापूरला रात्रभर एसटीने आलेलं पोर वीस मिनिटांत बाहेर पडलं तर बाप पुढच्या वेळी पाठवत नाही. तू मधला मार्ग धर. तीन-तीनचे वीस गट आणि चारचा एक, गटातला पहिलाच पुढे. साखळीच्या 66 आणि बाद फेरीच्या 20, मिळून 86 मॅच. चार टेबलांवर अकरा तास, म्हणजे दीड दिवस. प्रत्येकाला किमान दोन मॅच नक्की. फक्त तिघांच्या गटात शेवटची मॅच मानांकित आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूची ठेव, नाहीतर निकाल आधीच लागतो आणि शेवटच्या मॅचमध्ये कुणी जीव ओतत नाही.

आता हॉल. हवेशीर ठेवायचा तर खिडक्या उघड्या हव्यात, आणि आपला बॉल 2.7 ग्रॅमचा. खिडकीतून झुळूक आली की टॉपस्पिनचा (पुढे फिरत जाणारा) फटका टेबलाबाहेर. कोविडमध्ये या एका गोष्टीने आयोजकांना रडवलं. उपाय असा: एक्झॉस्ट पंखे छताजवळ, हवा बाहेर फेकणारे. मॅच चालू असताना खिडक्या बंद, आणि दर तासाला दहा मिनिटं खेळ थांबवून सगळं उघडायचं. साथ गेली तरी ही सवय ठेव. बंद हॉलमध्ये पन्नास मुलं घामेजली की दमटपणा चढतो, बॉलवर बाष्प धरतं आणि रबरावरून तो घसरायला लागतो.

टेबल स्पिरिटवाल्या सॅनिटायझरने पुसायची सवय तेव्हा लागली, ती मात्र मोड. ओलसर थर राहिला की बॉल उसळायच्या ऐवजी सरकतो, आणि रोज चोळलं तर पांढऱ्या रेषाही फिक्या होतात. किंचित साबणाचं पाणी, घट्ट पिळलेलं कापड, लगेच कोरडं फडकं, बस्स. टोकियोत खेळाडूंना टेबलावर तळहात पुसायला आणि बॉलवर फुंकर मारायला बंदी होती. जन्माची सवय, मॅचच्या भरात हात आपोआप नेटजवळ जायचा.

दोन पावसाळे कुलूपबंद राहिलेल्या टेबलांबद्दल. स्पर्धेच्या टेबलाचा पृष्ठभाग साधारण 25 मिलिमीटर जाडीच्या लाकडी भुशाच्या दाबीव फळीचा असतो. ओल धरली की ती कडेने फुगते, आधी कोपरे. वरून रंग जसाच्या तसा दिसतो, म्हणून नुसतं बघून पास करू नकोस. नवा तीन-स्टार (स्पर्धेच्या दर्जाचा) बॉल घे, पट्टी उभी धर आणि 30 सेंटिमीटरवरून सोड. उसळी सुमारे 23 सेंटिमीटर हवी. एका टेबलावर निदान वीस ठिकाणी सोड: चारही कोपरे, मधली रेघ, नेटच्या दोन्ही बाजू, आणि कडेपासून चार बोटं आत सगळीकडे. जिथे आवाज बद्द येईल आणि उसळी वीसच्या खाली जाईल तिथली फळी आतून सुटलीय. ती दुरुस्त होत नाही. असं टेबल लहान मुलांना सर्व्हिसच्या सरावाला दे, स्पर्धेला लावू नकोस. उंची 76 सेंटिमीटर, नेट 15.25. नेटचा ताण बघायला शंभर ग्रॅमचं गेज (मोजमापाचं वजन) मध्यावर अडकव, नेट एक सेंटिमीटरच्या आसपास खाली यायला हवं. क्लॅम्पचे स्क्रू गंजले असतील तर जोर लावू नकोस, आटे जातात. तेलाचे दोन थेंब घालून रात्रभर ठेव.

उजेडही मोजून घे. मध्यम दर्जाच्या स्पर्धेला टेबलावर 600 लक्स (उजेडाचं माप) पुरतात, पण सगळीकडे सारखे. अर्ध्या टेबलावर जुनी ट्यूब आणि अर्ध्यावर नवा एलईडी असेल तर मुलाला बॉलचा वेग कळत नाही.

बॅटवरच्या रबरांचं दुखणं वेगळं. वर्षभर न वापरलेलं रबरही मरतं. वरचा पापुद्रा चकचकीत होतो, चिकटपणा जातो, कडा कडक पडतात, रबराखालचा स्पंज बॅटच्या लाकडी पात्यापासून सुटतो. मूल म्हणतं माझा हात गेला, गेलेलं असतं रबर. बॉल रबरावर ठेवून बॅट थोडी कलती कर. जिवंत रबरावर बॉल अडखळतो, मेलेल्यावरून काचेवरून जावा तसा घरंगळतो. चांगलं रबर एका बाजूचं चार हजारांच्या घरात जातं, गरीब घराला ते झेपत नाही. संघटनेच्या पैशातून काही करायचं असेल तर ट्रॉफ्यांची उंची कमी कर आणि दहा मुलांना रबरं दे.

पंचांकडे कुणी बघितलं नाही. दोन वर्षं खुर्चीवर न बसलेल्या पंचाची नजर सुटते, पहिली सुटते ती सर्व्हिसवरची. बॉल तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर गेला का, हाताने किंवा अंगाने झाकला का, हे क्षणात ठरवायचं असतं. चार टेबलांना पंच आणि सहायक पंच मिळून आठ, पाळीला दुसरे आठ, म्हणजे सोळा लागतात. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी त्यांना सरावाच्या मॅचवर बसव आणि चहा-नाश्ता, प्रवासखर्च वेळेवर दे. उधारीवर पंच फार दिवस टिकत नाहीत.

आता फेडरेशनचं दुसरं आजारपण. महासाथ ओसरत होती तेव्हाच कारभाराचा प्रश्न न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2022मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कार्यकारिणी निलंबित करून न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासक समिती नेमली. या समितीच्या काळातच एप्रिलमध्ये शिलाँगला राष्ट्रीय स्पर्धा झाली, शरथचं दहावं विजेतेपद तिथलं, आणि महिलांत श्रीजा अकुला पहिल्यांदा विजेती ठरली. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी कॅलेंडर चाललं, ही त्या वर्षातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट मी मानतो. राष्ट्रकुल संघनिवडीवरूनही खेळाडूंना कोर्टाची पायरी चढावी लागली. डिसेंबरात निवडणूक होऊन मेघना अहलावत अध्यक्ष आणि आपले मुंबईचे, आठ वेळचे राष्ट्रीय विजेते कमलेश मेहता सरचिटणीस झाले. यातून तुझ्यासाठी एकच गोष्ट उचलतो: निवडीचे निकष स्पर्धेच्या आधी लिहून काढ, तारीख घाल, फलकावर लाव. किती स्पर्धांचे गुण, बरोबरी झाली तर काय, मूल आजारी पडलं तर काय. निकाल लागल्यावर लिहिलेल्या निकषावर कुणाचा विश्वास बसत नाही, मग तो कितीही न्याय्य असो.

पुढचं तुला माहीत आहे. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघ, शरथची एकेरी आणि शरथ-श्रीजाची मिश्र दुहेरी, तिन्ही सुवर्ण, संघात आपला सनील शेट्टी. 2023च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गोव्यात ताळगावला स्टार कंटेंडर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, जुलैत पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिस ही संघांची लीग चार वर्षांनी परतली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुतीर्था आणि ऐहिका मुखर्जीने चिनी विश्वविजेत्या जोडीला हरवून कांस्य आणलं. 2024मध्ये भारताचे दोन्ही संघ क्रमवारीच्या जोरावर पहिल्यांदा ऑलिंपिकला पोचले, आणि पॅरिसमध्ये मुलींनी रुमानियाला 3-2ने हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. मला मात्र जानेवारी 2025ची सुरतची राष्ट्रीय स्पर्धा जास्त जवळची वाटते. मानुष शाह आणि मुंबईची दिया चितळे विजेते. ऐन घडायच्या वयात कोविडची दोन वर्षं गेलेली ही पिढी. ती निसटली नाही.

मानांकनाचं एक लक्षात ठेव. जागतिक क्रमवारीत गेल्या बारा महिन्यांतले सर्वोत्तम आठ निकाल धरतात. जिल्ह्यातही असंच कर: वर्षात चार स्पर्धा, त्यातले सर्वोत्तम तीन निकाल. परीक्षेमुळे एखादी चुकलेल्या मुलाचं नुकसान होत नाही. दहावी-बारावीच्या तारखा बघून मगच हॉल धर. जून, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी हे महिने मोकळे सापडतील, दिवाळीचा आठवडा टाळ.

टेबलांची उसळी मोजून झाली की आकडे मला कळव, टेबलागणिक आणि जागेगणिक. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची ते फोनवर बसून ठरवू. नेटचं गेज या पत्रासोबत पाठवतोय, तुझ्याकडेच राहू दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
जुना जोडीदार