आईच्या ‘आता कशाला?’ला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी म्हटलं, कथकचा क्लास पुन्हा सुरू केलाय, तर आई तू पटकन विचारलंस, “आता कशाला?” आणि मागून बाबांचा आवाज आला, “गुडघे सांभाळ म्हणावं तिला.” फोनवर आपलं बोलणं याच्यापुढे जातच नाही. लगेच गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, हे सुरू होतं. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आईचा प्रश्न काही चुकीचा नाही, पण एका वाक्यात उत्तर देता येत नाही एवढंच.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर आई रात्रभर विचार करत बसेल. यात तुमच्याबद्दल तक्रार काही नाही. दहावीच्या वर्षी क्लास सुटला तो तुम्ही सोडायला लावला म्हणून नव्हे. माझ्याबरोबरच्या बहुतेकींचा त्याच वर्षी सुटला. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसंच वाटलं होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या, पण तोंडीसाठी त्या व्याख्या पाठ करायच्या म्हटलं की पोटात गोळा यायचा. नाच आवडायचा, परीक्षा नको वाटायची, आणि त्या वयात दोन्ही एकच वाटत होतं.

आता परीक्षा नाही. पहिल्याच दिवशी मी विचारून घेतलं, “परीक्षेला बसावंच लागतं का?” शिकवणाऱ्या ताई हसल्या. त्या माझ्याहून वयाने बऱ्याच लहान आहेत. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. माझी मोठ्यांची बॅच आहे. कुणी माझ्यासारख्या मधेच सोडून परत आलेल्या, कुणी अगदी पहिल्यांदा पायात घुंगरू बांधणाऱ्या, आणि एक तर आजी आहेत. त्यांचा ताल आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का आहे. समोर भिंतभर आरसा आहे. त्याचा त्रास सुरुवातीला पायांपेक्षा जास्त झाला. लहानपणी आरशात आपण दिसायचोच नाही, फक्त नाच दिसायचा. आता आधी पोट दिसतं, मग खांदे, आणि मग कधीतरी हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली.

गंमत पायांची झाली. तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे मूळ बोल, सुरू झाला तेव्हा मला वाटलं होतं, सगळं पुसलं गेलं असेल. आठवतंय ना, मी घरभर करत फिरायचे ते? ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.’ ते दिसतं सोपं, पण त्यात एक खोच आहे. पहिले चार पाय उजवा, डावा, उजवा, डावा असे पडतात आणि पाचवा, म्हणजे ‘आ’चा, पुन्हा डावाच पडतो. चालायची सवय असलेलं शरीर तिथे उजवा टाकायला बघतं. नवीन शिकणारी माणसं नेमकी तिथे अडखळतात. माझा डावा पाय आपोआप पडला. आठव्या मात्रेवर, म्हणजे ठोक्यावर, उजवा आला, की पुढच्या ‘ता’लाही उजवाच. चार आवर्तनं झाली आणि मी मनात म्हटलं, अरे वा, येतंय की! आणि तिथेच चुकले. मग आठवून आठवून करायला गेले तर काही केल्या जमेना. ताई म्हणाल्या, “विचार करू नका, पढंत करा.” तोंडाने बोल सुरू केले, हाताने टाळी धरली, आणि पाय पुन्हा रुळावर आले.

याचं कारण मी नंतर वाचलं. नावं, तारखा, व्याख्या लक्षात ठेवण्याची मेंदूची जागा वेगळी आणि हातापायांच्या सवयी साठवण्याची वेगळी. दुसऱ्या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. आई, तू टीव्ही बघत स्वेटर विणतेस आणि कुणी “किती टाके झाले?” विचारलं की गोंधळतेस, तसंच हे. म्हणजे माझ्या व्याख्या साफ गेल्या, तत्कार राहिला. परीक्षकांना हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

चक्कर मात्र राहिली नाही. कथकमध्ये डाव्या टाचेवर फिरायचं असतं. पूर्वी मी भोवऱ्यासारखी फिरायचे म्हणून तुम्ही पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावायचा. आता दोन चकरांत खोली फिरायला लागते. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरलो की तो हलतो आणि आपण थांबलो तरी तो थोडा वेळ हलतच राहतो. मेंदूला वाटतं अजून फिरतोच आहोत. यावर नाचणाऱ्यांचा उपाय जुना आहे. समोर एक ठिकाण नजरेने पकडायचं, शरीर वळत असताना मान शेवटपर्यंत तिथेच ठेवायची, मग झटकन फिरवून पुन्हा त्याच ठिकाणी आणायची. मी भिंतीवरच्या घड्याळाचा बारा धरते. बारा दिसला की चक्कर नीट झाली. दोन दिसला की कललेय. ताईंचं म्हणणं, रोज थोड्याच करा, पण रोज करा. सरावाने मेंदू कानाकडून येणारा तो खोटा निरोप कमी मनावर घ्यायला शिकतो.

बाबा, आता तुमचे गुडघे, म्हणजे माझे. कथकमध्ये भरतनाट्यमसारखं अर्ध्या बैठकीत नाचायचं नसतं, उभं राहून नाचतात. त्यामुळे गुडघा फार वाकत नाही, पण तळवा सपाट आपटला की धक्का सरळ टाच, नडगी, गुडघा असा वर येतो. पहिल्या क्लासनंतर दुसऱ्या दिवशी ठीक होते, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडकुंडीला आले. स्नायूंचं दुखणं असंच उशिरा येतं आणि आपलं आपण जातं, त्याची भीती नाही. भीती असते ती स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची, म्हणजे कंडरांची. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना बराच जास्त वेळ लागतो. परत येणारी माणसं नेमकी इथे दगा खातात, कारण दमसास परत आलेला असतो, पाय आठवलेले असतात, मग लय वाढवायचा मोह होतो. मी डॉक्टरांना विचारून सुरू केलंय. आधी अंग गरम करते, टाचा उचलायचे व्यायाम करते, चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, अजून जात नाही. बराबर (मूळ लय) आणि दुगुन (दुप्पट), बस्स. फरशीवर फार आपटत नाही, क्लासला लाकडी जमीन आहे. झालं समाधान?

आई, तू कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले माझे घुंगरू मागच्या खेपेला मी आणले ते यासाठीच. तू विचारलंस तेव्हा “सहज” म्हटलं होतं. ते तसे बांधता येण्यासारखे नव्हते. दोरी कुजली होती, ओढली की पीठ पडत होतं. सगळे सोडवले, एकेक कानाशी धरून हलवून पाहिला. काही बद्द वाजत होते, ते बाजूला काढले. मग जाड सुती दोरीत एक घुंगरू, एक गाठ, एक घुंगरू, एक गाठ असे ओवत बसले. गाठ सैल राहिली तर घुंगरू सरकतात आणि एकमेकांवर चढून आवाज दबतो, म्हणून प्रत्येक गाठ दाताने ओढावी लागते. बोटांची सालं निघाली. तेव्हा एका पायात पन्नास होते, आता शंभर केलेत. बांधताना खालून वर गुंडाळत जायचं आणि शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला, हे तू बांधून द्यायचीस त्यामुळे मला माहीतच नव्हतं. क्लासमधल्या एका लहान मुलीने शिकवलं.

बाबांसाठी एक वेगळा परिच्छेद राखून ठेवला होता. तुम्ही नेहमी म्हणायचात, नाचात काय गणित आहे? आहे. तीनताल सोळा मात्रांचा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे तिथे टाळी वाजवायची नाही. तिहाई म्हणजे बोलांचा एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा बोल बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर, आणायचा. आता समेपासून सुरू करून पुढच्या समेवर संपवायचं तर मात्रा लागतात सतरा, कारण दोन्ही समा मोजायच्या. सतराला तीनने भाग जात नाही. म्हणून मधे दोनदा थांबतात, त्या थांबण्याला दम म्हणतात. पाच मात्रांचा तुकडा आणि एकेक मात्रेचा दम घेतला तर पंधरा अधिक दोन, सतरा. तीन मात्रांचा तुकडा घेतला तर दम चार-चार मात्रांचा. आणि नवव्या मात्रेपासून उठलात तर उरतात नऊ, म्हणजे तीन-तीनचे तीन तुकडे, दमाची गरजच नाही. तिला बेदम तिहाई म्हणतात. लहानपणी मी या सगळ्या तिहाया पोपटासारख्या पाठ केल्या होत्या. त्या अशा का बसतात हे कधी विचारलं नाही. आता विचारते, आणि कारण कळलं की तिहाई आपली आपण सापडतेच, पाठ करावी लागत नाही. मोठेपणी शिकण्याचा हाच काय तो फायदा आहे. पाय मुलांचे जास्त चपळ, पण “का?” आपल्याला जास्त छान विचारता येतं.

हाच फायदा की आणखी एक आहे? आहे, आणि तो सांगायला मला थोडं अवघड जातंय.

ताई सध्या गतभाव, म्हणजे अभिनयातून गोष्ट सांगणं, शिकवतायत, माखनचोरी. आठवते का? शाळेच्या स्नेहसंमेलनात मी केली होती. कथकमध्ये एकटीनेच सगळी पात्रं करायची, पलटा घेतला, म्हणजे गर्रकन वळलं, की कृष्णाची यशोदा होते. तेव्हा मला कृष्ण करायला फार आवडायचं, चोरपावलं, शिंक्याकडे बघणं, तोंड पुसणं. यशोदा म्हणजे कमरेवर हात आणि डोळे मोठे, चार मात्रांत संपायची. आता यशोदा आली की मी पुन्हा तेच केलं. ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, “रागावण्याआधी ती त्याला शोधतेय ना? आधी शोधा की.” मी दाराशी उभी राहिले, म्हणजे नाचात. एक पाय आत, मान बाहेर. कुठे गेला असेल? पडला तर नसेल? मग तो दिसतो, तोंडाला लोणी माखलेला. तिला राग यायच्या आधी एक श्वास सुटतो. तो श्वास करताना मला आई, तू आठवलीस. संध्याकाळी मला उशीर झाला की तू फाटकाशी उभी असायचीस आणि मी दिसले की एकदम ओरडायचीस. मला फक्त ओरडणंच आठवत होतं. तो आधीचा श्वास मला त्या दिवशी, आरशासमोर, दिसला. पुढे रागवायचा अभिनय जमला नाही. ताईंनी काही विचारलं नाही, लहरा, म्हणजे तालाबरोबर वाजणारी धून, बंद केला आणि म्हणाल्या, पाणी प्या.

एरवी नाच हा तरुणांचा खेळ वाटतो. पण कथकचे थोर नर्तक बिरजू महाराज, जे २०२२ मध्ये गेले, सत्तरी ओलांडल्यावरही मंचावर यायचे आणि नुसत्या नजरेने, बसल्या जागी, अभिनय करायचे. त्या वयात चकरांचा वेग कमी होतो, पण पाहणारा हलत नाही. मला मंचावर जायचं नाहीये. काळजी नको, तुम्हाला पहिल्या रांगेत बसावं लागणार नाही.

आता पत्राचं खरं कारण. आई, तू हल्ली उठताना टेबल धरतेस, ते मी पाहिलंय. तोल सांभाळण्याचं काम डोळे, कानातल्या त्या नळ्या आणि पाय मिळून करतात. वयाने तिन्ही थोडे मंदावतात, पण सरावाने काही अंशी परत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम सांगितलाय. शिवाय २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांवर पाचेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. शरीराच्या हालचालींपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं यांचाही फायदा दिसला होता. बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, ज्यांची तब्येत चांगली तेच नाचत असतील, नाचामुळे काय झालं? बरोबर आहे, त्या अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही. पण तोट्याचं काही नाही त्यात.

तेव्हा मी आले की आपण तिघं बसून तत्कार करायचा. आई खुर्चीत, तळवे जमिनीवर, अगदी सावकाश, आपटायचं नाही. जमलं की खुर्चीची पाठ धरून उभ्याने. त्याआधी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेव, मी फोन केला तर ते तुला सांगायचं विसरतील. बाबांनी टाळी धरायची. पाचव्या पायाला तुम्ही दोघंही चुकणार, ते मी आत्ताच सांगते.

तुमची लेक

ता. क. बाबा, तिहाई पाचव्या मात्रेपासून उचलायची आणि समेवर संपवायची, तर तुकडा किती मात्रांचा आणि दम किती? उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.