पावसाळ्यापूर्वी चेनसॉची तपासणी मशीन गरम करूनच व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे पाटण, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात, रस्त्यावर झाडे आडवी होऊ लागतात. अशा वेळी गावातले लाकूड कापायचे मशीन हाताशी आणि चालू असणे किती गरजेचे असते, हे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्याने चांगलेच अनुभवले आहे. त्यासाठी मे महिन्यात साधनांची तपासणी होते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु मी पाहिलेल्या तपासणीत दोरी ओढून मशीन सुरू झाले की लगेच ‘चालू स्थितीत’ अशी नोंद करून ते बाजूला ठेवले जाते. जुन्या मशीनची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, खराब होऊ लागली असेल, तर या पद्धतीने ती कधीही पकडली जाणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या वाटेवर आंब्याचे झाड पडले. माझ्या अठरा वर्षांच्या जुन्या मशीनने दोन फांद्या उतरवल्या, खोडाला हात घातला आणि पाते निम्म्यात असताना ते एकाएकी गप्प झाले. दोऱ्या ओढून खांदा भरून आला. अर्ध्या तासाने मात्र पहिल्याच झटक्याला सुरू झाले आणि पंधरा मिनिटांत पुन्हा बंद पडले. दुरुस्तीला दिले असता आधी कार्बोरेटरचे किट बदलले गेले, नंतर पिस्टनच्या रिंगा बदलल्या गेल्या, आणि दोन्ही वेळा दुकानात थंड मशीन उत्तम चालल्याने ‘आता काही दोष नाही’ असे सांगून ते परत मिळाले. पैसे गेले त्यापेक्षा, दोष शोधण्याआधीच भाग बदलण्याची ही सवय मला अधिक खटकते.

अखेर घराच्या पडवीत दिवेलागणीला मी स्वतः पाहिले. मशीन थंड असताना प्लग काढून, टोपीत बसवून, सिलिंडरच्या धातूला टेकवून दोरी ओढली, तेव्हा निळी, तडतडणारी ठिणगी पडली. (प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग भोकापासून लांब धरावा लागतो.) मग पंधरा-वीस मिनिटे लाकूड कापले आणि मशीन बंद पडताच तोच प्रयोग केला. आधी नारिंगी, सुतासारखी बारीक रेघ दिसली आणि नंतर तीही दिसेना. नवा प्लग लावूनही फरक पडला नाही. कॉइलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यावरचे आवरण कमजोर होते, गरम झाल्यावर वीज आतल्या आतच गळते आणि थंड झाल्यावर सारे पूर्ववत भासते. शिवाय मशीन थांबले की पंख्याची हवाही थांबते आणि सिलिंडरची धग कॉइलकडे सरकते, त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे सर्वांत वाईट असतात.

तरीही कॉइलवर ठपका ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तरी मशीन असेच काही वेळाने बंद पडते. झाकण क्षणभर सैल केल्यावर ते सुरू होत असेल तर दोष तिथे आहे. दुसरे म्हणजे बंद करण्याच्या बटणाची वायर घासून धातूला टेकत असेल, तर चांगली कॉइलही ठिणगी देत नाही. ती वायर कॉइलपासून सोडून पाहावी, मात्र मग बटण चालत नसल्याने मशीन चोक ओढूनच थांबवावे लागते, हे आधी ध्यानात ठेवावे. त्याहून जुन्या, पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या संपर्कावर) चालणाऱ्या मशीनमध्ये पॉइंट आणि त्याला जोडलेला कंडेन्सर आधी पाहावेत, कारण कंडेन्सरही गरम झाल्यावरच दगा देतो. मल्टीमीटरवर फार विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक कॉइलचे सर्किट त्याच ठोकळ्यात बंद असते आणि थंड कॉइलचा आकडा बरोबर येऊ शकतो.

कॉइल बदलण्याचे काम दुचाकीच्या कोणत्याही मेकॅनिकला जमण्याजोगे आहे. मॅग्नेटवरचा (कॉइलसमोर फिरणाऱ्या चाकातल्या चुंबकावरचा) आणि कॉइलच्या लोखंडी पायांवरचा गंज पॉलिश पेपरने काढावा, मॅग्नेट पायांसमोर आणून मध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालावा, कॉइल त्यावर ओढली जाऊ द्यावी, स्क्रू आवळावेत आणि कार्ड काढून घ्यावे. बहुतेक मशीनना सुमारे ०.३ मिलिमीटर फट लागते, ती अशी सहज मिळते. त्यानंतर मॅग्नेट हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना, हे पाहावे. स्क्रूची भोके मऊ धातूत असल्याने ताकद लावू नये.

माझी विनंती एवढीच आहे, की ग्रामपंचायती आणि बांधकाम विभागाने तपासणीत प्रत्येक मशीन किमान वीस मिनिटे लाकडावर चालवावे, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावे आणि तसे नोंदवहीत लिहावे. कऱ्हाड, साताऱ्यातील आयटीआयने मे महिन्यात यावर एक दिवसाचा वर्ग घेतल्यास आमच्या खोऱ्यातील मुले नक्की येतील. आणि ज्या गावात जुने मशीन आहे, तिथे त्याच मापाची एक कॉइल आणि दोन प्लग डब्यात घालून मशीनसोबतच ठेवावेत, कारण घाटात दरड आली की तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचता येत नाही.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. पाटण, जि. सातारा