मालिकेतली बरोबरी गुपितांपाशी अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी मालिकांतला समजूतदार नवरा आता नवा राहिलेला नाही. तो बायकोला नोकरी करू देतो, आईसमोर तिची बाजू घेतो, रविवारच्या महाएपिसोडमध्ये तिच्या कर्तृत्वावर चांगले मोठे भाषण करतो. आणि सोमवारी ती पुन्हा त्याच्यापासून काहीतरी लपवत स्वयंपाकघरात उभी असते. असे का होते आणि ते टाळायचे कसे, यावर मालिकालेखनाशी संबंध असलेल्या आम्हा काही वाचकांना लिहावेसे वाटले. उदाहरणादाखल ‘उंच माझा झोका’ घेतो, कारण बरोबरीकडे जाणारे इतके अवघड जोडपे दैनंदिन मालिकेत क्वचितच आले असेल.

न्यायमूर्ती रानडे आणि त्यांची पत्नी रमाबाई यांच्या आयुष्यावरची, वीरेन प्रधान दिग्दर्शित ही मालिका 2012-13 मध्ये झी मराठीवर होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या भूमिकेत विक्रम गायकवाड, लहान रमा तेजश्री वालावलकर, मोठी रमा स्पृहा जोशी. सुरुवातीची स्थिती आठवा. 1873 साली लग्न झाले तेव्हा महादेव गोविंद रानडे 31 वर्षांचे आणि रमा 11 वर्षांची. तो सरकारी न्यायाधीश, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. तिला अक्षरओळखही नाही. वडिलांच्या हट्टापुढे त्याचे काही चालले नाही म्हणून झालेला हा विवाह. इथे ‘दोघे समान’ असे कुणी कितीही वेळा म्हटले तरी प्रेक्षक मानणार नाही. त्याला ते घडताना दिसावे लागते.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटे हाती राहतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला 300 च्या वर भाग होतात, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी हुक, म्हणजे पुढचा भाग पाहायला लावणारा प्रश्न, लागतो. सर्वांत स्वस्त हुक म्हणजे गुपित. बायकोला काहीतरी कळते, ‘त्यांना त्रास नको’ म्हणून ती ते नवऱ्याला सांगत नाही, दाराआडून तिसरी व्यक्ती ऐकते आणि भाग संपतो. या एका गुपितावर तीन-चार आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा एक टप्पा, आरामात निघतो, म्हणून वन-लायनरच्या (भागाभागाच्या थोडक्यातल्या आराखड्याच्या) बैठकीत ते पहिल्यांदा सुचते. पण जिच्याकडे माहिती आहे तिने ती दडवायची आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याला ती शेवटी कळायची, अशी मांडणी एकदा झाली की नवरा आपोआप न्यायाधीश होतो आणि बायको आरोपी. ट्रॅक संपताना तो तिला माफ करतो. मग त्याने आधी कितीही पुरोगामी संवाद म्हटलेले असोत, माफ करणारा वर आणि माफी मिळणारी खाली, एवढेच प्रेक्षकाच्या मनात उरते.

यावर उपाय आहे, आणि तो रानडे दांपत्याच्या खऱ्या आयुष्यातच सापडतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यात आले असताना मुलींच्या हायस्कुलासाठी सभा भरली. रमाबाईंनी तिथे इंग्रजीतले भाषण वाचले. ते लिहून दिले होते रानड्यांनी. नवरा-बायकोत गुपित काहीच नाही. दोघांनाही सगळे ठाऊक आहे, दोघांनी मिळून ठरवले आहे. तरीही प्रसंगात ताण काठोकाठ भरलेला आहे, कारण तो बाहेरून येतो: घरातल्या बायका तिला काय म्हणतील? आणि त्या म्हणाल्याच. हुक जसाच्या तसा राहतो, फक्त प्रश्न बदलतो. ‘त्याला कळले तर काय होईल?’ याऐवजी ‘आता हे दोघे काय करतील?’ वन-लायनर लिहिताना प्रत्येक हुकाखाली यातला कोणता प्रश्न आहे एवढे लिहून ठेवले, तरी महिन्याअखेरीस जोडपे कुठे चालले आहे ते दिसते. पहिल्या प्रकारचे हुक निम्म्याहून जास्त निघाले, तर पुढचा ट्रॅक बदलायलाच हवा.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. घरच्या बायकांची बोलणी रमाबाईंनी स्वतः सोसली. रानडे मध्ये पडून कुणावर गरजले नाहीत. ऐकून घे, उलट उत्तर देऊ नकोस, असाच त्यांचा सल्ला असे. आजच्या प्रेक्षकाला हे खटकेल, खटकायलाही हवे. पण पटकथेच्या दृष्टीने पाहा. नवरा धावून आला असता तर टाळ्या त्याला मिळाल्या असत्या आणि तो दिवस त्याचा झाला असता. तो न आल्यामुळे सभेत वाचण्याचे धैर्य आणि घरी टिकून राहण्याचे बळ, दोन्ही तिच्या नावावर जमा झाली. नायक शंभर वेळा बायकोला वाचवत राहिला की ती कायमची वाचवली जाणारी होते. एका ट्रॅकमध्ये त्याने एकदा धावून यावे, पण पुढच्या ट्रॅकमध्ये तिने त्याच्यासाठी काही निस्तरावे, तेही त्याला न कळू देता नव्हे, त्याच्यादेखत.

शिकण्याचे प्रसंगही असेच तपशिलाने मांडावे लागतात. गुरु-शिष्येच्या नात्यातून बरोबरीचे नाते काढायचे तर धड्याचे प्रसंग वारंवार हवेत, लहान हवेत आणि शक्यतो एकाच जागी हवेत. दर आठवड्याला दीड-दोन मिनिटांचा एक पुरे. सुरुवातीला तो विचारतो, ती उत्तर देते. मग ती विचारू लागते. मग तिच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसते. शेवटी दोघेही तिसऱ्याकडून शिकतात. कलकत्त्याच्या मुक्कामात रानडे बंगाली शिकले, दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाही शब्द विचारत, आणि रमाबाईही ती भाषा शिकत होत्या. पाचशे पानांचे कायद्याचे ज्ञान असलेला माणूस बायकोसमोर न्हाव्याचा विद्यार्थी होतो, यापेक्षा उत्तम प्रसंग कोणता लेखक रचणार!

इथे सेटची आणि कॅमेऱ्याचीही मदत लागते. तो खुर्चीवर आणि ती जमिनीवर असेल तर तिच्या क्लोजअपमध्ये कॅमेरा वरून खाली पाहतो. संवाद बदलले पण बैठक तीच राहिली, तर डोळ्यांना जुनेच नाते दिसत राहते. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या व्यक्ती लिहितात, त्यामुळे असे बदल कागदावर नोंदले नाहीत तर सेटपर्यंत पोहोचतच नाहीत.

लीपचा, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे नेण्याचा, धोका वेगळा. नायिका लहानाची मोठी होते तेव्हा कलाकार बदलतो, आणि मधली वर्षे एका रात्रीत उडतात. नेमकी तीच वर्षे शिकण्याची, चुकण्याची, हट्टाची असतात. लीपनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तिने नवऱ्याशी एखाद्या मुद्द्यावर असहमत होणे म्हणूनच आवश्यक आहे. याला आधारही आहे: 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून सनातन्यांनी वाद उठवला, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि रमाबाईंनी 1910 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत तो अवघड विषय टाळलेला नाही. पतीवर अपार श्रद्धा असलेली स्त्री त्याच्या माघारीबद्दलही लिहिते. नवऱ्याची चूक दाखवायला घाबरणाऱ्या मालिकांना ही हिंमत का होत नाही?

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे 2012 चीच ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. सतीश राजवाडे दिग्दर्शक. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचे राधा आणि घना सोयीचा करार म्हणून लग्न करतात. अटी दोघांच्या, त्यामुळे बरोबरी पहिल्या दिवसापासून आहे आणि गुपितही दोघांचे मिळून आहे, घरच्यांपासूनचे. अशा कथेत वाढवायची असते ती एकमेकांची गरज. ही मालिका त्याच वर्षी संपली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. करार सुटला, प्रेम कळले, पुढे ताणायला जागा नव्हती. रेटिंग चांगले आहे म्हणून तिथे अपघात, स्मृतिभ्रंश किंवा जुनी मैत्रीण आणली असती, तर सगळी कमाई महिन्याभरात गेली असती.

वाहिन्यांच्या क्रिएटिव्ह विभागांना म्हणून एक विनंती. गुरुवारी बार्कचे (प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे आले की ट्रॅक वळवण्याची घाई होते. आकडा घसरला तर खलनायिका वाढवा, घराबाहेरचे संकट वाढवा, सासरच्या जमिनीचा वाद आणा. पण त्या जोडप्याने एकमेकांना सांगितलेली गोष्ट परत काढून घेऊ नका. ‘तिने त्याला खरे सांगितले’ असा एपिसोड प्रसारित झाल्यावर पुढचे किमान तीस भाग तिच्या हातून नवे गुपित घडवायचे नाही, एवढी एक अट वन-लायनरच्या पहिल्या पानावर लिहावी आणि ती बदलायची असल्यास कथा, पटकथा व संवाद या तिन्ही लेखकांची सही घ्यावी.

आपले,
मालिकालेखनाच्या क्षेत्रातील काही वाचक, मुंबई