चुंबकाबरोबर वजनही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या तांब्यावरचा लेख वाचला. सोबत हवाई चुंबकीय सर्वेक्षणाचा रंगीत नकाशा होता आणि त्यातल्या लाल ठिपक्यांखाली 'येथे तांबे-सोने' असे छापले होते. त्याच दुपारी माझ्या पुतण्याचा फोन आला, "काका, तिकडे दोन एकर घेऊन ठेवू का?" म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी 31 वर्षे भूभौतिकी सर्वेक्षणात सहायक होतो. थर्मासच्या आकाराचे वॉर्डन ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणारे यंत्र, मांडीवर धरून जीपने हिंडलो. त्या यंत्राला धक्का चालत नाही. दर दोन-तीन तासांनी मूळ ठिकाणी परत येऊन वाचन घ्यावे लागते, आणि ठिकाणाची उंची एका मीटरने चुकली तर हिशेबात 0.2 ते 0.3 मिलिगॅलचा (मिलिगॅल हे गुरुत्वाचे एकक) फरक पडतो. म्हणून लेव्हलिंगवाला आमच्या पुढे चालायचा.

लाल ठिपका एवढेच सांगतो की खाली चुंबकीय खडक आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते, म्हणून नकाशावर निम्मा महाराष्ट्र ठिपक्यांनी भरलेला दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातले तांब्याचे ठिकाण ठाणेवासना त्या पाषाणाच्या पूर्वेला, जुन्या ग्रॅनाइटात आहे. तिथले तांबे लोह-ऑक्साइड तांबे-सोने या प्रकारात बसते, असे अभ्यासक मांडतात. त्या प्रकाराच्या खुणा वाचायच्या तर चुंबकाच्या जोडीला वजनही, म्हणजे जड खडकामुळे वाढणारे गुरुत्व, मोजावे लागते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातली ऑलिंपिक डॅम ही तांब्याची खाण. वर सपाट माळरान, खाली 300 मीटरहून जाड आडवे थर, आणि तांब्याचा पृष्ठभागावर मागमूस नाही. वेस्टर्न मायनिंग या कंपनीच्या लोकांनी गुरुत्वाचा आणि चुंबकाचा असे दोन्ही उंचवटे जवळजवळ आले ती जागा निवडली. खाली जुना बेसॉल्ट असेल, असा त्यांचा अंदाज होता. जुलै 1975 मध्ये पहिल्या बोअरला 353 मीटरपासून 38 मीटर लांबीचे, 1.05 टक्के तांब्याचे कोअर (बोअरमधून काढलेली दगडाची कांडी) मिळाले. बेसॉल्ट नव्हताच, हेमेटाइट या लाल लोहखनिजाने भरलेला, फुटून पुन्हा जुळलेला ग्रॅनाइट निघाला. मधल्या बोअरनी फारसे काही दिले नाही. 1976 च्या अखेरीस दहाव्या बोअरला 170 मीटरभर 2.12 टक्के तांबे लागले. नवव्या बोअरनंतर कोणी पैसे बंद केले असते तर? हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

वजन का महत्त्वाचे, ते हातात दगड घेतला की कळते. मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट दोन्ही ग्रॅनाइटच्या जवळजवळ दुप्पट जड. पण लोहचुंबक मॅग्नेटाइटला घट्ट चिकटतो, हेमेटाइटला जेमतेम. या साठ्यांत खोल भागात मॅग्नेटाइट असते आणि वर, पाणी-ऑक्सिजनच्या संपर्कात, हेमेटाइट. म्हणून गुरुत्वाचा फुगवटा चुंबकाच्या टेकाडापासून थोडा सरकलेला दिसला की आमचे साहेब थांबायचे. दोन्ही नकाशे ट्रेसिंग कागदावर काढून, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून ते किती वेळ पाहत असत! नुसता चुंबकीय नकाशा पाहणारा नेमके हेमेटाइटचेच साठे हुकवतो.

तिसरी खूण खडकाच्या रंगात असते. राजस्थानात खेत्रीच्या तांब्याच्या पट्ट्यात काम करताना मी ती प्रथम पाहिली. गुलाबी ग्रॅनाइट चालता चालता पांढुरका होतो, कारण खारट गरम पाण्याने फेल्डस्पार या त्यातल्या खनिजात सोडियम भरला आणि लोह धुऊन नेले. धुतलेला खडक सापडला की ते पाणी पुढे कुठे गेले, हे शोधायचे. वाटेत काळे अभ्रक, मॅग्नेटाइट, मग लाल हेमेटाइट आणि पिवळे चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचे खनिज. जोडीला युरेनियम असेल तर किरणोत्सर्गाचे यंत्रही बोलते.

आता माझे खरे दुःख. एका कॅम्पच्या आवारात मी स्वतः पाहिले आहे: कोअरच्या लाकडी पेट्या उघड्यावर, वाळवीने खाल्लेल्या, खोलीचे आकडे पावसात पुसलेले. 'रिकामे बोअर' म्हणून कुणी लक्ष दिले नाही. त्यातल्या एका पेटीत सोडियमने पांढरा पडलेला ग्रॅनाइट होता. तो कुठल्या बोअरचा, किती मीटरवरचा, आता कुणालाच सांगता येणार नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात सरकारी कोअर ग्रंथालय आहे. जुने कोअर मांडून कुणालाही अभ्यासता येतात. तिथे सरकारने बोअर मारण्याच्या खर्चाचा वाटाही उचलला आणि त्यातून 2005 मध्ये कारापाटीना हा तांब्याचा साठा सापडला, सुमारे अर्धा किलोमीटर जाड आवरणाखाली.

माझी विनंती दोन गोष्टींची. ठाणेवासना परिसराचे गुरुत्व सर्वेक्षण दाट अंतरावर करून चुंबकीय नकाशाशेजारी छापावे. आणि विदर्भातले सगळे जुने कोअर एका छपराखाली, क्रमांकासह, नागपुरात ठेवावेत. पेट्या लावायला आणि आकडे उतरवून घ्यायला मी रोज यायला तयार आहे.

पुतण्याला मी जमीन घेऊ नकोस असे सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षण सहायक, नागपूर