मोडी वाचणाऱ्या बाबांना आणि आईला

धानोरा, जि. गडचिरोली

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, जंगल राखायला वनखाते असताना गावातली पोरे काय करणार आणि तू तरी तिथे काय करतेस, हा तुझा फोनवरचा प्रश्न रेंज गेल्यामुळे अर्धवट राहिला. उत्तर लांबणारे आहे, म्हणून पत्र लिहिते.

इथे मोहाची फुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन मोकळी करण्याची जुनी सवय आहे, आणि उन्हाळ्यातले कित्येक वणवे तिथूनच पसरतात. गावातील विशी-पंचविशीच्या गोंड मुलामुलींनी जाळण्याऐवजी झाडण्याचा विषय ग्रामसभेत मांडला, तेव्हा एका आजोबांनी साफ नकार दिला. माझ्या हाती असते, तर हात वर करायला सांगून मी मोकळी झाले असते. परंतु शेजारच्या मेंढा-लेखा गावाप्रमाणे इथेही निर्णय सर्वसहमतीने होतो आणि एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय होत नाही, विषय पुढच्या सभेवर जातो. मुलांनी वाद घातला नाही. पहाटे आजोबांच्याच मोहाखाली जाऊन त्यांनी खराट्याने पाचोळा बाजूला ओढला, आणि तिसऱ्या सभेत तो विषय आजोबांनीच काढला. कॉलेजात आम्हाला शिकवलेल्या नेतृत्वात भाषणे पुष्कळ होती, खराटा कुठेच नव्हता.

मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे. मात्र तिथली माणसे अभ्यासगटात बसून जंगलाचा विचार करू लागली ती त्याच्या कितीतरी आधी. आमची मुले आज तेच करतात: कायद्याचे कलम वाचून म्हाताऱ्यांना गोंडीत समजावतात, आणि म्हातारे दाखवतील त्या शिवेवरून जीपीएस घेऊन चालतात. माझे काम आता अर्जांची भाषा तपासण्यापुरते उरले आहे, याचा मला आनंदच आहे.

बाबा, आता तुमच्याकडे एक काम आहे. भुदरगडच्या डोंगरातील एका धनगरवाड्यावरची दोन मुले आणि एक मुलगी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला आपल्या घरी येतील. गवळी धनगर अनुसूचित जमातीत नसल्यामुळे या कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण त्या जंगलात राहून त्यावर जगत होतो हे त्यांना दाखवावे लागते. म्हणजे थेट १९३० पर्यंत मागे जायचे. तेव्हा तो मुलूख कोल्हापूर संस्थानात होता आणि दप्तर बरेचसे मोडीत. एका कार्यालयाने त्यांना कागद नाही म्हणून दोनदा परत पाठवले आहे. वास्तविक नियमांमध्ये जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाची राई आणि वृद्धांचे लेखी जबाब हेही पुरावे धरले आहेत. पण एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात, आणि जबाबाबरोबर संस्थानी काळातला एखादा उतारा असला तर दाव्याला बळ येते. पुरालेखागारात काय मागायचे हे तलाठी म्हणून उभी हयात काढलेल्या तुमच्याइतके त्यांना कोण सांगणार? मात्र कागद तुम्ही स्वतः शोधून देऊ नका. त्यांना शेजारी बसवून वाचायला शिकवा, कारण आणखी वाड्यांचे दावे त्यांनाच लिहायचे आहेत.

आई, त्या मुलीशी तू बोल. गारगोटीच्या बाजारात तू ज्या बायकांकडून शिकेकाई घ्यायचीस, त्या अशाच वाड्यांवरच्या. तिची आजी हिरडा आणि शिकेकाई कोणत्या रानातून, कोणत्या महिन्यात आणते, ते तिला विचारून लिहून घे. पुरुषांनी भरलेल्या अर्जात गुरांची चराई असते, बायकांचे रान राहून जाते.

बाबांचे भिंग देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. मुले पहाटेच निघतील, तेव्हा त्यांना आधी जेवायला वाढ.

तुमची लेक